पोस्टमनने काढलेले फोटो

एका माणसाला एक पत्र्याचा डबा आणायला जायचं होतं. चौदा किलोमीटर जायचं, डबा घ्यायचा, चौदा किलोमीटर परत यायचं. एवढंच काम.

तो मोबाइल आधी उलटा ठेव बघू. उजेड डोळ्यांत घुसतो. आणि ती खिडकी ओढून घे, थंडी आत येतेय. हां. आता मधे मधे बोलायचं नाही. ज्याला भीती वाटेल त्याने उठून आत जायचं, मी काही म्हणणार नाही.

हा माणूस म्हणजे फ्रेमवाला. माझ्या बाइंडिंगच्या दुकानाला लागून त्याचं दुकान, मधे एकच भिंत. इकडे मी पुस्तकांच्या पाठीला सरस लावतोय आणि तिकडे तो काच कापतोय, अशी आमची सव्वीस वर्षं गेली. हात इतका साफ, की फ्रेमच्या पट्ट्या जोडल्या की कोपऱ्याच्या सांध्यावरून नख फिरवलं तरी लागायचं नाही. स्वभावाने मात्र फार गरीब. कोणी जरा आवाज चढवला की याची मान खाली. गिऱ्हाईक चुकीचं माप देऊन वर यालाच झापायचं, आणि हा 'बरं बरं' म्हणून पुन्हा कापून द्यायचा.

दुसरा माणूस पोस्टमन. नदीपलीकडच्या अकरा गावांचं टपाल त्याच्याकडे. सायकलवर फिरायचा. खांद्याला पत्रांची पिशवी आणि गळ्यात कॅमेरा. असा पोस्टमन तुम्ही कधी पाहिला नसेल. कोणाला पत्र वाचून दाखवायचा, कोणाचं उत्तर लिहून द्यायचा, आणि निघताना म्हणायचा, 'आहात तसेच राहा. हलू नका.' खटक! झाला फोटो. तीस वर्षं त्याने हे केलं. गिरणीच्या दारात पिठाने पांढराफटक झालेला गिरणीवाला. शाळेची घंटा वाजवणारा शिपाई. पाण्याच्या टाकीखाली कपडे पिळणाऱ्या बायका. दोन कमानींचा जुना दगडी पूल आणि त्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली पोरं. काठावर होडी ओढणारे दोघं भाऊ. एक प्रत त्या माणसाला फुकट नेऊन द्यायचा, एक स्वतःकडे ठेवायचा. फोटोच्या खाली जी पांढरी पट्टी सुटते ना, तिच्यावर पेन्सिलीने तारीख, गाव आणि बारीक सही.

आम्ही तिघं एकमेकांचे दोस्त. मी, फ्रेमवाला आणि पोस्टमन. पण खरं सांगायचं तर पोस्टमनचा जीव फ्रेमवाल्यावर जास्त. माझ्याशी वाद घालायचा, फ्रेमवाल्याशी बोलायचा.

आणि तिसरा माणूस स्टुडिओवाला. पोस्टमनचे रोल धुवायला त्याच्याकडे जायचे. हा कोण, तर फ्रेमवाल्याच्या बायकोचा थोरला भाऊ. घरात सगळे त्याला दादा म्हणत. पोस्टमन नोकरीतून सुटला आणि वर्षभरात छातीत कळ येऊन गेला. त्याचे सगळे फोटो तेव्हा स्टुडिओतच होते, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. कधीतरी पुस्तक काढायचं असं दोघांचं बोलणं होतं. खोकी तिथेच राहिली.

मग रस्ता रुंद झाला. गिरणी पाडली, शाळा हलवली, टाकी उतरवली, दगडी पूल फोडून सिमेंटचा बांधला. सहा महिन्यांत सगळं सपाट. सगळं गेल्यावर लोकांना त्याचा पुळका आला. वाचनालयाने ठरवलं, जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. आणि स्टुडिओवाल्याने साठ फोटो बाहेर काढले. म्हणाला, 'तरुणपणी मी सायकलवर फिरून काढलेत.'

मी तेव्हा इथे नव्हतो रे. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दोन महिने मुलीकडे होतो. नाहीतर...

नाहीतर काय केलं असतं, कोण जाणे. असो.

साठ फोटो फ्रेमवाल्याकडे आले. फोटोभोवती जाड कागदाची चौकट असते ना, खिडकी कापलेली, तिला माउंट म्हणतात. दादा स्वतः दुकानात येऊन सांगून गेला.

'दाजी, खालची पांढरी पट्टी दिसायला नको. खिडकी अर्धा इंच वर घ्या.'

'पट्टीवर त्याचं लिहिलेलं आहे, दादा.'

'म्हणूनच सांगतोय.'

'पण हे फोटो त्याचे...'

'रोल कोणी धुतले? डार्करूममध्ये डोळे कोणी फोडून घेतले? नुसती सायकल हाणली म्हणजे माणूस फोटोग्राफर होतो का, दाजी?'

रात्री घरी बायको म्हणाली, 'अहो, आयुष्यात पहिल्यांदा दादाचा सत्कार व्हायचाय. त्या मोबाइलपायी स्टुडिओ बसला, माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायचा. आता कुठे हसायला लागलाय. तुमचं काय जातं त्यात?'

याची मान खाली. दुसऱ्या दिवसापासून त्याने खिडक्या कापायला घेतल्या. दोन आठवडे. साठ खिडक्या. साठ वेळा ती पेन्सिलीची सही कागदाखाली गेली. एकेक चेहरा त्याच्या हातांखालून गेला, काच पुसताना, धूळ फुंकताना. ती माणसं त्याला घरच्यांसारखी पाठ झाली.

नोव्हेंबरची सोळा तारीख, मंगळवार. बुधवारी सकाळी प्रदर्शन उघडायचं. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दादा पुन्हा दुकानात.

'दाजी, एक काम आहे. पोस्टमनच्या बायकोकडे जाऊन या. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. मी दोनदा गेलो. बसायला दिलं, पाणी दिलं, डबा काही दिला नाही. तुम्हाला देईल.'

'आणि सांगू काय?'

'सांगा की प्रदर्शनाला हवाय.' जरा थांबून म्हणाला, 'सांगा, त्याच्या नावाने लावणार आहोत.'

फ्रेमवाल्याने स्कूटर काढली.

पोस्टमनचं घर गावाबाहेर, शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे. दोन खोल्या, पुढे ओटा, दारावर एक पिवळा दिवा. वहिनी एकटीच. गुडघे गेलेले, डोळ्यांत पडदा आलेला. पण याचा आवाज ऐकला आणि चेहरा असा फुलला तिचा! म्हणाली, 'किती वर्षांनी आलात! बसा. मी म्हटलं, विसरलात आम्हाला.' चहा झाला. तिने इकडच्या तिकडच्या चौकश्या केल्या. याला विषय काढवेना. आठ वाजले, साडेआठ वाजले. शेवटी तिनेच विचारलं, 'प्रदर्शनाचं ऐकलं मी. ह्यांचे फोटो लावणार म्हणे.'

'हो. त्यासाठीच आलो होतो. तो डबा...'

ती भिंतीला धरून उठली. कपाटाच्या तळातून चाचपत डबा काढला. बिस्किटांचा जुना डबा, दोरीने बांधलेला. पण हातात दिला नाही. छातीशी धरून उभी राहिली.

'त्यांचं नाव लिहिलंय ना नीट? पूर्ण? नाहीतर लोक नुसतं आडनाव टाकतात.'

'पूर्ण लिहिलंय, वहिनी.'

'मोठं?'

'दारातून दिसेल एवढं.'

हे तो मला सांगत होता ना, तेव्हा इथे थांबला. म्हणाला, 'पहिलं खोटं बोलताना जीभ अडखळली. दुसऱ्याला अडखळलीसुद्धा नाही.'

वहिनीने डबा त्याच्या हातात ठेवला. म्हणाली, 'माझं काही येणं होणार नाही. पण जाताना सांगून गेले होते ते, फ्रेमवाल्याखेरीज कुणाच्या हातात देऊ नको. म्हणून सांभाळला. आता मी सुटले.'

नऊ वाजून दहा मिनिटं. तो बाहेर आला, डबा पायांशी ठेवला, किक मारली. वहिनी ओट्यावर दाराला धरून उभी. हात हलवून म्हणाली, 'सावकाश जा हो दोघं. अंधाराचा रस्ता आहे.'

हा हसला. 'दोघं कुठले वहिनी, मी एकटाच आहे.'

ती जराशी गोंधळल्यासारखी झाली. मग आत गेली आणि कडी लागली.

डोळे अधू आहेत बिचारीचे, असं म्हणून त्याने स्कूटर काढली.

दीड-दोन किलोमीटरवर त्याच्या लक्षात आलं, गाडी ओढत नाहीये. सपाट रस्ता, तरी तिसऱ्या गिअरमध्ये घरघरतेय. हँडल हलकं लागतंय, मागे वजन असलं की लागतं तसं. थांबून मागचं चाक दाबून पाहिलं. हवा ठीक. पुन्हा निघाला. पुन्हा तेच. खड्डा आला तेव्हा गाडीचं मागचं अंग दबलं आणि... कोणीतरी सावरून बसावं तसं हललं.

त्याने स्वतःला समजावलं, शॉकअप गेलेत.

मग त्याला आवाज आला. पट्टा फिरल्याचा. फट फट फट फट. गिरणीचा.

अरे, ती गिरणी सहा वर्षांपूर्वी पाडली. तिथे टायरचं दुकान आहे आता, त्याची पाटी याने जाताना वाचली होती. पण डाव्या हाताला गिरणी उभी. पत्र्याचं छप्पर, वर धुराड्याचा नळ, सगळं. आजूबाजूला काळोख आणि तेवढ्या गिरणीवर दुपारचा उजेड. रंग नाही. नुसतं काळं, पांढरं आणि करडं. दारात गिरणीवाला. एक हात चौकटीवर. भुवयांवर पीठ.

चौदा नंबरचा फोटो. याने स्वतः काच बसवलेला.

गिरणीवाला हसत होता. पण याच्याकडे बघून नाही. याच्या खांद्याच्या जरा मागे... तिथे बघून.

तो थांबला नाही. थांबायची छाती झाली नाही. अॅक्सिलरेटर पिळला. गाडी त्याच गतीने चाललेली.

पुढे शाळा. शिपायाच्या हातात घंटेची दोरी. घंटा तिरकी होऊन थांबलेली, आवाज नाही. शिपाई हसतोय. नजर... मागे.

पाण्याची टाकी. खाली सात बायका. एकीच्या हातात पिळलेला कपडा, त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब. पडत नाही. थेंब पडतच नाही. सातही जणी हसतायत. ओळखीचं माणूस वळणावर दिसलं की हसतात तसं. आणि सातही जणींची नजर एकाच जागी. याच्या डाव्या खांद्यामागे.

तेव्हा त्याला समजलं, पोरांनो. फोटोतला माणूस बघतो कोणाकडे? कॅमेरा धरलेल्या माणसाकडे.

नाही. मागे वळून नाही पाहिलं त्याने. उजव्या हाताला आरसा होता. तो त्याने बोटाने खाली फिरवून टाकला. आणि बोट परत येताना... त्याच्या कमरेला काहीतरी लागलं. गुडघा. थंड. सायकल मारून मारून टणक झालेला.

चाकांचा आवाज बदलला. सिमेंटचा नाही. दगडाचा. खडखड, खडखड. दोन कमानींचा पूल. कठड्यावर पोरं, पाय सोडून. सगळी हसतायत. मागे बघून.

त्याच्याने राहवेना. समोर बघतच तो बोलायला लागला.

'अरे, मी काय करणार होतो? बायकोचा भाऊ आहे तो...'

काही नाही.

'मला त्याच घरात राहायचंय. तुला माहितीय माझा स्वभाव.'

काही नाही. नुसता श्वास. मानेवर. चढ चढून आलेल्या माणसाचा.

'तू असतास तर तूच म्हणाला असतास, जाऊ दे...'

श्वाससुद्धा थांबला.

'उद्या सांगतो. उद्या सगळ्यांसमोर सांगतो. शपथ घेतो. ऐकतोयस ना?... बोल ना रे.'

गाडी बंद पडली.

आपोआप. इंजिन बंद, पण पुढचा दिवा चालू. आणि त्या दिव्यात, रस्ता अडवून... सगळे. साठही फोटोतले. गिरणीवाला, शिपाई, सात जणी, पोरं, होडीवाले भाऊ, बाजारातली म्हातारी, लोहार. दाटीने उभे. हसत. त्याच्या मागे बघत.

मग पहिल्यांदा गिरणीवाल्याने डोळे हलवले.

मागून... याच्याकडे.

हसू गेलं.

मग शिपायाने. मग त्या बायकांनी, एकेकीने. पोरांनी. लोहाराने. जो याच्याकडे बघेल त्याचं हसू जायचं. राग नाही, बरं का. राग असता तर बरं झालं असतं म्हणाला. घरातल्याच माणसाने काही केलं की आपण बघतो ना त्याच्याकडे... तसं.

सगळ्यात शेवटी, कानाच्या अगदी जवळ, तो आवाज आला. तोच. जरा घोगरा.

'हलू नका.'

कळलं का तुम्हाला? नाही कळलं. अरे, परक्यांना तो 'हलू नका' म्हणायचा. दोस्तांना नाही. तीस वर्षं याला 'ए, हलू नकोस रे' म्हणत आला होता. त्या रात्री म्हणाला, 'हलू नका.'

खटक.

दिवा गेला. मागची सीट वर आली. हलकी.

त्याने घड्याळ पाहिलं. तीन वाजून चाळीस मिनिटं. टायरच्या दुकानासमोर तो एकटाच उभा होता. गिरणी दिसली तिथून एक फूटभरही पुढे सरकला नव्हता.

किती वेळ? हिशेब तुम्हीच करा.

घरी आला तेव्हा बायको जागी होती. तिला त्याने सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, 'दोन आठवडे झोपला नाहीत नीट. मनाचे खेळ आहेत.' आणि मग हळूच म्हणाली, 'हे दादाला सांगू नका हं.'

ती झोपल्यावर त्याने डबा उघडला. आत फोटो नव्हतेच. वह्या होत्या. सहा वह्या. पोस्टमनच्या अक्षरात प्रत्येक फोटोची नोंद. नंबर, तारीख, गाव, माणसाचं नाव आणि पुढे एक ओळ. त्याने गिरणीवाला शोधला. लिहिलं होतं, 'आज मुलीचं पत्र आलं, म्हणून हसतोय.' शिपाई शोधला. 'नोकरी कायम झाल्याचं पत्र मीच आणलं.' सगळी माणसं का हसत होती ते सगळं तिथे होतं. दादाला फोटो नको होते. ह्या वह्या नाहीशा करायच्या होत्या.

सकाळी दादाने विचारलं तेव्हा हा म्हणाला, 'नाही दिला हो तिने.' तेवढं एक त्याने केलं. डबा दुकानात काचांच्या खोक्यांमागे होता.

बुधवार, सकाळी दहा. वाचनालयाचं सभागृह भरलेलं. दारासमोरच फलक. दादाचं नाव. पूर्ण. दारातून दिसेल एवढं.

भाषणं झाली. सत्कार झाला. लोक फोटो बघत फिरायला लागले. आणि काठी टेकत एक म्हातारी टाकीच्या फोटोसमोर येऊन थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग मोठ्याने म्हणाली, 'अगं बाई, ही मीच की! हे पिळतेय ती. हा तर आमच्या पोस्टमनने काढलाय.'

जवळचे लोक फोटोकडे सरकले.

दादा हसला. 'आजी, खूप वर्षं झाली. तुमचा गोंधळ होतोय.'

'गोंधळ कसला? माझ्या भावाला मुलगा झाला, ते पत्र त्यानेच वाचून दाखवलं मला. वाचलं आणि लगेच काढला हा. मी बाईमाणूस, परक्या माणसासमोर अशी हसले असते का?'

आता सगळं सभागृह गप्प. वाचनालयाचे अध्यक्ष दादाकडे बघायला लागले. दादाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्याने गर्दीत नजर फिरवली.

'हे काय, आमचे दाजी आहेत ना इथेच. पोस्टमनचे अगदी जिवाभावाचे मित्र. त्यांनाच विचारा. दाजी, सांगा यांना. कोणाचे फोटो आहेत हे?'

सगळे वळले. सगळ्यांचे डोळे याच्यावर. भिंतीवरून ते साठ आणि जमिनीवर हे शंभर. दुसऱ्या रांगेत बायको बसलेली. तिने मान हलवली. इतकी बारीक, की नवऱ्याशिवाय कोणाला कळू नये. नको, म्हणून.

...

आमची बेबी आत्ता तोंड उघडणार आहे, मला दिसतंय. विचार.

'काका, पण त्यांनी शपथ घेतली होती ना?'

घेतली होती.

तो म्हणाला, 'दादांचेच आहेत.'

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. नुसती म्हणाली, 'असं होय.' आणि काठी टेकत निघून गेली. बाहेर पायऱ्या उतरेपर्यंत काठीचा आवाज येत होता म्हणाला. टक. टक. टक. मग लोक पुन्हा बोलायला लागले.

महिन्याभराने तो बसने वहिनीकडे गेला. स्कूटर काढायची हिंमत नव्हती. डबा द्यायला गेला होता. तिला सगळं कळलेलं. अशा गोष्टी चालत जातात. तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. हात पुढे केला. याने डबा दिला. माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, 'दारातून दिसेल एवढं, म्हणाला होतात.'

एवढंच. दार लागलं. पुन्हा कधीही उघडलं नाही त्याच्यासाठी.

वह्यांचं काय? तिच्याकडेच आहेत. ती आता कोणालाच देत नाही. मी जाऊन आलो, मलाही नाही दिल्या. बरोबर आहे तिचं. विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

आणि दादा? दादाला काही झालं नाही. अजून आहे. सत्काराचं मानपत्र भिंतीवर लावलंय, फ्रेम आमच्या फ्रेमवाल्याच्याच हातची. रात्री शांत झोपतो म्हणे. तुम्हाला वाटत असेल, भुताने खऱ्या चोराला का सोडलं? मीही खूप विचार केला. दादाकडून त्या बिचाऱ्याने कधी कसली अपेक्षाच ठेवली नव्हती. डबा सोपवायला कोणाचं नाव सांगून गेला होता तो?

हे सगळं फ्रेमवाल्याने मला सांगितलं, मी मुलीकडून परत आल्यावर. त्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. नाही बोलता आलं. उठून आलो. त्यानंतर आमचं बोलणं 'काय, बरं आहे ना' एवढ्यावर आलं. वर्षभरात त्याने दुकान विकलं.

माझं दुकान मी गेल्या वर्षी बंद केलं, ते तुम्हाला माहितीय. सामान आवरताना भिंतीवरचा एक फोटो उतरवला. माझं दुकान सुरू झालं त्या दिवशीचा. पोस्टमननेच काढलेला. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर उभे, फ्रेमवाला आणि मी. मी त्याच्या खांद्यावर हात टाकलेला. काही बोलून आम्ही हसत होतो, काय ते आठवत नाही. इतकी वर्षं तो फोटो माझ्या डोक्यावर होता. वर धुळीचा थर, त्यामुळे बघितला असा कधीच जात नव्हता.

फडक्याने काच पुसली.

मागचा कागद जसाच्या तसा चिकटलेला होता. खिळे गंजून लाकडात बसलेले. फ्रेम कोणी उघडलेली नाही. हे मी तीनतीनदा तपासलं. कागद चिकटवणं माझ्या धंद्यातलंच काम आहे, मला कळतं.

फोटोत पायरी आहे. पाटी आहे. मी आहे, बारीक, डोक्यावर केस असलेला, हसणारा.

माझ्या शेजारी भिंत आहे. वीट न् वीट दिसते.

आणि माझा उजवा हात खांद्याच्या उंचीवर तसाच आहे. बोटं वाकलेली. कोणाला तरी जवळ ओढून धरल्यासारखी.

हवेत.